कचरागाडीत गेलेलं नेट

"नेटचं मी बघतो, तू फक्त शिकव," असं मी आमच्या कुमुदिनीला सांगितलं तेव्हा माझ्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाला घरातलं एखादं तरी खातं आपल्याकडे असावं असं वाटतं. स्वयंपाकघर तिच्याकडे, देवघर तिच्याकडे, कामवाल्या बाईंशी बोलणी तिच्याकडे, नातेवाइकांचे रुसवेफुगवे तिच्याकडे. उरलं इंटरनेट. ते मी घेतलं.

नेटची गरज पडायचं कारण असं की कुमुदिनीला मोडी लिपी येते. तिचे पणजोबा होळकरांच्या दप्तरात कारकून होते आणि ते अक्षर बापाकडून मुलाकडे, मुलाकडून लेकीकडे असं चालत आलं. इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत मोडी कागदांचं एखादं तरी गाठोडं असतं आणि ते घरात कुणालाही वाचता येत नाही. लग्नकार्यात कुणीतरी असा कागद कुमुदिनीपुढे आणतं, ती चष्मा सरसावून घडाघडा वाचते, आणि पूर्वजांची मर्दुमकी ऐकायला जमलेल्या मंडळींना कळतं की ती बैलांना दाणा वेळेवर मिळत नसल्याची तक्रार आहे. सगळे 'वा वा' म्हणतात आणि जेवायला बसतात. 'आम्हाला शिकवा' असं मात्र आजवर कुणीही म्हणालं नव्हतं.

ते म्हणाली माझी भाची शमिका. ती टोरांटोला असते. तिने परस्पर जाहिरात केली आणि बडोदा, ग्वाल्हेर, तंजावर, कॅनडा अशा ठिकाणची माणसं जमवली. रविवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे टोरांटोत मध्यरात्र उलटल्यावर, ऑनलाइन पहिला वर्ग. कुमुदिनी मग आरशासमोर उभी राहून "नमस्कार मंडळी" म्हणायला लागली. पांढरा फळा आणला, वेगवेगळ्या रंगांची पेनं आणली, पोळ्या लाटताना पोळपाटावर पिठात 'क' काढायला लागली. ती घाबरली होती आणि खूशही होती. इतकी खूश मी तिला फार क्वचित पाहिली आहे. म्हणूनच माझ्या जिवाला चैन पडेना.

कारण रंगीत तालमीच्या दिवशी घात झाला. शमिकाने तिकडून कॉल लावला, कुमुदिनीने तोंड उघडलं, आणि शमिकाच्या पडद्यावर ती तशीच तोंड उघडं ठेवून थिजली. इकडे ती पाच-दहा मिनिटं मन लावून शिकवत होती. तिकडे शमिका "मामी, ओ मामी" करत होती. आणि मोबाइलचं म्हणाल तर आमच्या तळमजल्यावर त्याला रेंज फक्त अंगणात तुळशीच्या डाव्या बाजूला येते, तीही मान तिरकी ठेवली तर. तसं उभं राहून मोडी शिकवता येत नाही.

"रविवारी असं झालं तर मी पुन्हा नाही हं बसणार समोर," कुमुदिनी म्हणाली. तिने फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला. ते मला बघवेना.

मी लगेच आमच्या ब्रॉडबँड कंपनीचा माणूस शाम याला बोलावलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिच्याशीच संसार करायचा आहे. शामने भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याकडे एक नजर टाकली. "डब्बा तो ठीक है दादा, बस वायफाय अंदर तक नहीं जा रिया। अपना एक अच्छा राउटर ले लो। अब देखो, उसको लगाने का तरीका ऐसा है कि..."

"समझ गया, भिया," मी म्हणालो आणि चपला घातल्या. मला निर्णय झाल्यावर पुढचं ऐकवत नाही. छत्तीस वर्षं विमा विकला. लोकांनी खालचं बारीक अक्षर वाचलं नाही म्हणूनच आमचा धंदा चालला.

जेल रोडवरच्या दुकानदाराने विचारलं, "कनेक्शन कौन सा है, बाबूजी?"

"अनलिमिटेड," मी ताठ मानेने सांगितलं.

"वो नहीं। फाइबर है, कि टेलिफोन की लाइन वाला, कि सीधी केबल?"

हा प्रश्न मला थोडा खासगी वाटला. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, "आप तो बढ़िया वाला दिखाओ।" मग त्याने जे काढलं त्याला चारी बाजूंनी मिळून आठ काळ्या दांड्या होत्या आणि खोक्यावर एक वाघ डरकाळी फोडत होता. वाघ पाहून मी घेऊन टाकलं.

खोकं घेऊन कॉलनीत शिरलो तो कोपऱ्यावर रघुवीरजींनी अडवलं. त्यांचं नमकीनचं दुकान आहे. कॉलनीतला कुठलाही निर्णय त्यांच्या गल्ल्यासमोरूनच पुढे जातो. "अरे वा, चिंतामण भिया! अपने यहाँ भी यही लगा है। रॉकेट चलता है, रॉकेट!" त्यांनी मला आत नेऊन दाखवलं. शेवेच्या बरण्यांच्या वर तोच राउटर दांड्या पसरून बसला होता. माझी छाती फुगली. शेवेचं पुडकंही घेतलं.

तेवढ्यात तिथे ऋग्वेद आला. हा समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि पुण्याहून नोकरीसाठी आला आहे. मुलगा चांगला आहे. फक्त आल्या आल्या त्याने आमच्या पोह्यांकडे बघून "यावर शेव कशाला?" असं विचारलं होतं. ते मी विसरलेलो नाही.

"काका, तुमच्या प्रोव्हायडरशी हे कम्पॅटिबल आहे का बघितलंत?" त्याने विचारलं.

"म्हणजे पत्रिका जुळवायची का?"

"तसंच समजा. रघुवीरजींकडे साधी केबल येते. तुमच्याकडे काचेची वायर असेल तर ती ह्याच्यात डायरेक्ट जाणार नाही. कंपनीचा डबा..."

"ऋग्वेद," मी म्हणालो, "तू जन्मला नव्हतास तेव्हा मी ऑफिसात कॉम्प्युटर बसवून घेतला आहे." हे खरं आहे. बसवणाऱ्याला चहा मीच दिला होता. ऋग्वेद हसून "बरं काका" म्हणाला. ह्या पुणेकरांचं 'बरं' इतकं वाईट असतं की त्यापेक्षा सरळ भांडलेलं परवडतं.

तो दिवस शनिवार होता. मी घरी जाऊन लगेच सगळं जोडणार होतो, पण रघुवीरजी मागोमाग आले. "नई मशीन और शनिवार? ना भिया ना। कल सबेरे नहा-धो के चालू करो।" मी असल्या गोष्टी मानत नाही. पण वर्ग कुमुदिनीचा, तिच्या पहिल्या दिवसाला उगाच कशाला? थांबलो. मात्र स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. निदान जागा तरी करून ठेवू म्हणून मी जुना पांढरा डबा भिंतीवरून उतरवला. त्यातून एक पिवळी, बारीक, हिरव्या टोकाची वायर सुटून लोंबकळायला लागली. तिला मी सेलोटेपने भिंतीला नीट चिकटवलं. रविवारी बघू.

आता प्रश्न होता जुन्या डब्याचा, आणि इथे बाहेरगावच्या वाचकांना थोडं समजावून सांगायला हवं. दुसऱ्या गावात माणूस जुनी वस्तू माळ्यावर टाकतो. आम्ही इंदूरवाले तसं करत नाही. स्वच्छतेत देशात पहिलं आल्यापासून आम्हाला घरात टाकाऊ वस्तू ठेवणं पाप वाटतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आम्ही त्यांना राजवाडा नंतर दाखवतो, आधी कचऱ्याचे वेगवेगळे डबे दाखवतो. ओला इकडे, सुका तिकडे, प्लास्टिक वेगळं, काच वेगळी, आणि तारावाला, बटणांवाला, दिव्यांवाला सगळा ई-कचरा स्वतंत्र. पाहुण्याने केळ्याची साल चुकीच्या डब्यात टाकली तर कुमुदिनी काही बोलत नाही. पण ती साल काढून योग्य डब्यात टाकते आणि मग पाहुण्याकडे बघते.

तर रविवारी सकाळी आंघोळ करून, पोहे-जिलबी खाऊन मी तयार होतो. बाहेर कचरागाडीचं गाणं वाजलं. मी पांढरा डबा मोठ्या डौलाने हातात घेतला आणि गाडीवरच्या ताईंना म्हणालो, "ई-वेस्ट।" त्यांनी तो योग्य खणात ठेवला आणि म्हणाल्या, "आप जैसे सब हो जाएँ ना बाबूजी, तो क्या बात है।" मला गहिवरून आलं. गाडी गात गात वळणावर दिसेनाशी झाली.

आत येऊन नवा राउटर भिंतीवर बसवला, प्लग लावला. सगळे दिवे हिरवे लागले, फक्त एक नारिंगी. मग पिवळी वायर हातात घेतली आणि तिचं हिरवं नाक राउटरच्या एकेका भोकात घालून पाहिलं. कुठेच जाईना. वरून, खालून, तिरकी करून, फुंकर मारून. भोकं चौकोनी आणि मोठी, नाक बारीक. कुमुदिनी इस्त्रीची साडी नेसून दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात फळा होता.

"अहो, झालं का?"

"होतंच आहे," मी म्हणालो. घाम पुसला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. तुळशीपाशी, मान तिरकी.

माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा होता. तो किती महत्त्वाचा आहे हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. मग एक गोड आवाज आला. "सर, आपके डिब्बे में लाल बत्ती जल रही है?"

"डिब्बा नहीं है। मैंने नया राउटर लगाया है।"

"ठीक है सर। कृपया डिब्बे को बंद करके दोबारा चालू कीजिए।"

"अरे बेटा, डिब्बा है ही नहीं!"

"सर, बिना डिब्बे के शिकायत दर्ज नहीं होती। उसके पीछे जो नंबर लिखा है वो बताइए।"

मी फोन ठेवला. मान तशीच तिरकी राहिली, ती आणखी दोन दिवस तशीच होती. तेवढ्यात कुमुदिनीने मला न विचारता ऋग्वेदला खाली बोलावलं होतं. तो आला, पिवळी वायर पाहिली, राउटर पाहिला आणि ज्या शांतपणे डॉक्टर विचारतात त्या शांतपणे म्हणाला, "काका, इथे एक पांढरा डबा होता ना?"

"होता."

"तो मोडेम आहे. काचेच्या वायरमधलं नेट तोच घेतो. हा नवा फक्त ते घरभर वाटतो. आत काही आलंच नाही तर वाटणार काय? आणि तो डबा कंपनीकडे तुमच्या नावाने नोंदलेला असतो, दुसरा आणून चालत नाही. कुठे आहे तो?"

मी कुमुदिनीकडे पाहिलं. तिने सकाळी मला डबा देताना बघितलं होतं. तिने हातातला फळा हळूच खाली ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रघुवीरजीही येऊन ठेपले होते. "टेंशन क्या लेना? भाभीजी दुकान पे आ जाएँ, पीछे वाले कमरे में बैठें। नेट रॉकेट है।"

"शेवेच्या बरण्यांमध्ये?" माझा आवाज चढला. "होळकरांच्या दप्तरातली लिपी आहे ती, रघुवीरजी! वर्ग ह्या घरातूनच होईल. मी डबा आणतो." आणि स्कूटरला किक मारली. ऋग्वेद मागून काहीतरी ओरडत होता. मी ऐकलं नाही. निर्णय झाला होता.

कचरागाडी शोधणं सोपं आहे असं मला वाटलं होतं, कारण ती गाते. पण इंदुरात त्या वेळी प्रत्येक गल्लीत एकेक गाडी गात असते आणि सगळ्यांचं गाणं एकच असतं. आवाजामागे जाऊन एक गाडी गाठली, ती दुसऱ्याच वॉर्डाची निघाली. दुसरी गाठली, त्यातला माणूस म्हणाला, "बाबूजी, गीला कि सूखा?" मी म्हणालो, "वापस चाहिए।" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच स्वतःला कुठल्या डब्यात घालावं हे मला कळेना. वाटेत ऑफिसातले शरदराव जोशी पोह्यांच्या ठेल्यापाशी भेटले. "चिंतामणजी, इतकी घाई कसली?" "कचऱ्यामागे चाललोय," मी धावत्या स्कूटरवरून खरं ते सांगितलं. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

अखेर एका गाडीवाल्याने सांगितलं की आमच्या भागाच्या गाड्या ट्रान्सफर स्टेशनवर रिकाम्या होतात. तिथे पोचलो. जागा इतकी स्वच्छ होती की मला चपला काढाव्याशा वाटल्या. सुपरवायझर खुर्चीत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. ते विचारात पडले.

"कचरा देने का सिस्टम है," ते म्हणाले. "वापस लेने का नहीं है। आज तक किसी ने माँगा ही नहीं।"

मी हात जोडले. बायकोचा वर्ग, बडोदा, तंजावर, कॅनडा, होळकर, सगळं काढलं. होळकरांवर ते जरा विरघळले. ई-कचऱ्याच्या कोठीपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "पहचान लो।"

मी आत डोकावलो. तिथे पांढऱ्या डब्यांचा ढीग होता. त्याच कंपनीचे, तसेच, एकसारखे. माझ्यासारखे शहाणे शहरात बरेच आहेत हे पाहून दुसऱ्या वेळी मला बरं वाटलं असतं.

घड्याळ पाहिलं. अकरा वाजून गेले होते.

ढिगापाशीच एका उलट्या ड्रमवर बसलो. गळून गेलो होतो. कुमुदिनी पाठ केलेलं "नमस्कार मंडळी" मनात ठेवून पलंगावर बसली असेल, आणि तिकडे तंजावर-बडोद्याची माणसं रिकाम्या पडद्याकडे बघत असतील, हे काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. शमिकाने मला वर्गाची लिंक पाठवली होती. निदान त्या लोकांची माफी तरी मागावी म्हणून ती उघडली. इथे उघड्यावर मोबाइलला भरपूर रेंज होती.

पडदा उजळला. लहान लहान चौकटींत माणसं होती, आणि मोठ्या चौकटीत कुमुदिनी. तिच्या मागे रतलामी शेव, लवंग शेव, लसूण शेव, खाली चिवड्याचा मोठा डबा. शेजारी ऋग्वेद फळा धरून उभा. आणि ती बोलत होती. नुसती बोलत नव्हती, हसत होती. "बघा, हात उचलायचाच नाही. मोडी म्हणजे न थांबता चालणं." तिने 'क' काढला आणि तंजावरचे एक म्हातारे गृहस्थ टाळ्या वाजवायला लागले.

मला काय वाटलं ते सांगतो. आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. माझ्यावाचून सगळं झालं होतं. त्यातून मी बाहेर येतो न येतो तोच आवारात एक गाडी वाजतगाजत शिरली, आणि सुपरवायझर दुरून ओरडले, "ओ भाईसाब! इसमें आपका कचरा कौन सा है?"

पडद्यावर सगळ्या चौकटी दचकल्या. कॅनडातल्या बाईंनी कानातलं यंत्र काढलं. कचरागाडीचं गाणं बडोदा, ग्वाल्हेर, तंजावर असं सगळीकडे घुमत होतं. माझा माइक चालू होता, आणि माझ्या चौकटीखाली माझं नाव झळकत होतं.

कुमुदिनीने चष्मा सरसावला. चौकट निरखून पाहिली. आणि जसं ती इतर विद्यार्थ्यांना नावाने बोलावत होती, त्याच आवाजात म्हणाली, "चिंतामण, माइक बंद करा."

तुम्हाला कदाचित यात विशेष वाटणार नाही. पण आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, कुमुदिनीने माझं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही चार बायकांनी अडवल्यावर, तोंड पदराआड करून. एरवी मी 'अहो' आहे. पाहुण्यांपुढे 'हे' आहे. डॉक्टरांच्या पुढ्यातसुद्धा तिने माझं नाव कागदावर लिहून दिलं होतं. आणि आता परक्या माणसांसमोर, रतलामी शेवेच्या बरण्यांपुढून, ती सरळ 'चिंतामण' म्हणाली होती. म्हटल्यावर तिच्याही लक्षात आलं. ती कानापर्यंत लाल झाली, आणि मग फळ्याकडे वळून म्हणाली, "हं. तर पुढचं अक्षर."

मी माइक बंद केला. वर्ग संपेपर्यंत ड्रमवरून उठलो नाही. समोर पडून असलेल्या कुणाच्यातरी स्कूटरच्या सीटवरच्या धुळीत बोटाने 'क' काढत होतो. सुपरवायझर बाजूला येऊन बघत उभे राहिले.

डबा सापडला. त्याच्या मागच्या बाजूला दसऱ्याच्या पूजेत मीच चिकटवलेलं स्वस्तिक होतं, म्हणून ओळखला. संध्याकाळी शाम आला, त्याने पिवळी वायर डब्यात घातली, डब्यातून दुसरी राउटरमध्ये. "यही तो बता रिया था दादा," तो म्हणाला. घरभर नेट झालं. देवघरात झालं, बाथरूममध्ये झालं, तुळशीच्या उजव्या बाजूलासुद्धा झालं.

"आता पुढचा वर्ग घरूनच," मी म्हणालो.

"नाही हो," कुमुदिनी म्हणाली. "दुकानातच घेते. तिथे उजेड छान येतो. आणि तंजावरचे काका विचारत होते, मागे ते काय आहे म्हणून. रघुवीरजी त्यांना पार्सल पाठवणार आहेत."

म्हणजे वाघाच्या खोक्यातून आलेला तो राउटर आता भिंतीवर आठही दांड्या पसरून माझ्या एकट्यासाठी चालू आहे. मी रोज मोडीचा अभ्यास करतो. घरात मी पुन्हा 'अहो' झालो आहे. हाक मारताना ती जरा हसते, बस. मी रविवारची वाट पाहतो आहे. वेळेआधी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि माइक चालू ठेवणार आहे.